चेसिस कुणाची, बॉडी कुणाची? : रिमोटच्या ट्रकाच्या प्रश्नाचा आढावा

बीडहून परळीकडे निघालेल्या प्रवाशास वडवणी व तेलगाव मागे पडल्यावर जे दिंद्रुड गाव लागते, त्या माजलगाव तालुक्यातील काळ्या जमिनीच्या मुलखात ट्रक ही वस्तू रस्त्यावरून नुसती जाणारी-येणारी नव्हे. दसरा सरून साखर कारखान्यांची धुराडी पेटू लागली, म्हणजे ऊसतोड्यांच्या टोळ्या, त्यांची भांडीकुंडी, शेरडेकरडे आणि लेकरेबाळे हौद्यात भरून परमुलखी घेऊन जाणारा तोच असतो. आणि गावच्या शिवारातला ऊस कारखान्याच्या काट्यावर नेऊन उभा करणाराही, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांच्या बरोबरीने, तोच असतो. तेव्हा अशा गावच्या एखाद्या हौशी तरुणाने, अथवा शाळकरी पोराच्या हट्टापुढे नमलेल्या बापाने, रिमोटचा ट्रक तयार विकत घ्यावा की सुटे सामान आणून घरीच बांधावा असा प्रश्न काढला, तर त्यास पोरखेळ म्हणून वाटेला लावणे योग्य होणार नाही. या प्रश्नात पैसा आहे, कसब आहे, परदेशी मालावरील जकात आहे, आणि वस्तू मोडली तर ती दुरुस्त कुठे करून मिळेल ही ग्रामीण भागातील सनातन विवंचनाही आहे.

प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जावे हे बरे. बिनतारी यंत्राने दुरून वाहन चालविण्याचा पहिला जाहीर प्रयोग निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका छोट्या होडीवर करून दाखविला. बाजारात विकावयाची पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार मात्र इटलीतील एका कंपनीने १९६६ च्या सुमारास आणली, आणि या हौसेस खरा बहर आला तो जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे मोटारीची दूरनियंत्रित प्रतिकृती विक्रीस काढल्यानंतर. त्याच कंपनीने पुढे टोयोटा हायलक्ससारखी मालवाहू गाडी, राक्षसी चाकांचा 'क्लॉड बस्टर', आणि अखेर एकास चौदा या प्रमाणातील लांबलचक अमेरिकी व युरोपीय ट्रक काढले. अमेरिकेच्या ट्रॅक्सास कंपनीची 'टीआरएक्स-४' ही खडकांवर चढणारी गाडी २०१७ सालची. आणि आपल्याकडील सामान्य माणसाच्या खिशास परवडेल अशी चिनी 'डब्ल्यूपीएल' कंपनीची, बहुतांशी एकास सोळा प्रमाणातील, लष्करी व मालवाहू वाहने हा गेल्या आठ-दहा वर्षांतला प्रकार. इतके सांगितले म्हणजे वंशावळ पुरी झाली.

वस्तुतः 'तयार' आणि 'घरी बांधलेला' असे दोनच पक्ष मानून वादास बसणे ही या विषयातील पहिली गफलत होय. तयार मालातच दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत, की त्यांना एका नावाने संबोधणे अन्यायाचे ठरावे. जत्रेतल्या वा तालुक्याच्या खेळण्याच्या दुकानातल्या पहिल्या जातीत संदेश घेणारे यंत्र, मोटारीस वीज पुरविणारे यंत्र आणि चाके वळविणारे यंत्र या सगळ्यांचा कारभार एकाच हिरव्या पट्टीवर बसविलेला असतो. बटण दाबले की गाडी पूर्ण वेगाने धावते आणि सोडले की थांबते. अर्धा वेग, पाव वळण असा काही मधला व्यवहारच तिच्या गावी नसतो. त्या पट्टीवरचा एखादा दाणा जळाला की सगळी गाडी निकाली निघते. दुसऱ्या, हौशी जातीत ग्राहक-यंत्र, वेगनियंत्रक, वळणाची सर्व्हो मोटार, मुख्य मोटार आणि बॅटरी ही पाचही अंगे अलग असून तारांच्या खुंट्यांनी जोडलेली असतात, आणि अंगठा जितका सरकवावा तितकीच गाडी चालते व तितकीच वळते. एक अंग बिघडले तर तेवढेच बदलावे. यांच्याखेरीज तिसरा पक्ष आहे तो संचाचा. तामियाचा ट्रक पेटीतून उघडला की शेकडो सुटे भाग, स्क्रू आणि चित्रांकित पुस्तिका हाती येते, रेडिओ व बॅटरी वेगळी घ्यावी लागते, आणि बांधणाऱ्यास बांधल्याचे समाधान मिळाले तरी आराखडा सर्वस्वी दुसऱ्याचा असतो.

डब्ल्यूपीएलच्या गाड्या या वर्गीकरणात नेमक्या उंबऱ्यावर उभ्या आहेत, म्हणून त्यांचा थोडा अधिक तपशील देणे प्राप्त आहे. कारण दिंद्रुडसारख्या गावी पहिली 'खरी' गाडी येण्याचा संभव आहे तो याच घराण्यातली. रशियन लष्करी ट्रकाच्या धर्तीची बी-२४ चारचाकी आणि बी-३६ सहाचाकी, टोयोटा हायलक्सच्या तोंडवळ्याची सी-२४ आणि सुझुकीच्या छोट्या मालगाडीची डी-१२ ही तिची मुख्य रूपे होत. पाटे आहेत, आस आहेत, आसांना फिरविणारे दांडे आहेत. साधारण चार-सहा हजारांत हे सगळे मिळते ही अद्भुत गोष्टच म्हणावयाची. परंतु मूळच्या सी-२४ मध्ये वळणाच्या सर्व्होस पाच तारा असतात आणि ती थेट मुख्य पट्टीशी बांधलेली असते, तर जगभरच्या हौशी जातीच्या सर्व्होंस तीनच तारा असतात. परिणामी ती सर्व्हो जळाली आणि तिच्या जागी बाजारातली साधी, बळकट सर्व्हो बसवावयाची म्हटले, की पट्टी काढा, वेगळे ग्राहक-यंत्र आणा, वेगळा वेगनियंत्रक आणा, आणि ओघानेच नवा रिमोट आणा अशी मागणीची साखळी सुरू होते. आसांतील प्लॅस्टिकचे दाते झिजले म्हणजे पितळी वा पोलादी दाते, मग मोठी मोटार, मग ती पेलणारे दांडे, असे करता करता मूळ गाडीतले केवळ पाटे आणि नाव शिल्लक राहते. ही गाडी घेऊ नये असे यावरून सिद्ध होत नाही. विकत घेताना आपण गाडी घेत नसून पाट्यांची, आसांची व चाकांची जुळणी घेत आहोत, एवढी खातरजमा मनाशी असावी.

आता घरी बांधण्याच्या बाजूने बोलावयाचे तर प्रथम मुद्रेचा प्रश्न घ्यावा लागेल. तयार मिळणारा ट्रक हा अमेरिकी केनवर्थ असेल, स्वीडनचा स्कॅनिया असेल, जर्मन मर्सिडीज असेल वा रशियन लष्करी असेल; आपल्या रस्त्यावरचा नसेल. टाटांनी १९५४ साली डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरास ट्रक काढण्यास प्रारंभ केला, त्या मूळच्या परदेशी चेहऱ्यावर आपल्या लोकांनी लाकडी केबिन, दाराच्या चौकटीवर वेलबुट्टी, कपाळावर देवाचे नाव, आरशास काळा गोंडा, पुढच्या बंपरला लिंबू-मिरची आणि मागल्या फाळक्यावर पोपट-मोर रंगवून तो इतका आपला करून टाकला, की त्याचे जर्मन आजोळ आता कोणाच्या ध्यानीही येत नाही. 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द महाराष्ट्र सरकारने २०१५ साली खऱ्या ट्रकांवरून हद्दपार केले. खेळण्यातील ट्रकास तो हुकूम लागू नसल्याने ती परंपरा जतन करावयाची असल्यास हाच एक सनदशीर मार्ग उरला आहे. सांगावयाचे ते असे की, दिंद्रुडच्या मुलास ज्या ट्रकाची ओढ आहे तो ट्रक कोणत्याही पेटीत बंद होऊन येत नाही. तो बांधावाच लागतो.

दुसरा मुद्दा वेगाचा, आणि तो गणिताचा आहे. एकास दहा प्रमाणाचे तयार 'मॉन्स्टर ट्रक' ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर धावतात व त्या आकड्यावरच त्यांची विक्री होते. प्रमाणाने पाहू गेल्यास तो वेग खऱ्या ट्रकाच्या चारशे-पाचशे किलोमीटरांएवढा झाला. उसाचा ट्रक रस्त्यावर साठाच्या वर सहसा जात नाही; त्यास चौदाने भागले तर सव्वाचार किलोमीटर येतात, म्हणजे माणसाची चाल. तेव्हा ज्यास ट्रक हवा आहे, त्यास वेगाची मोटार नको आहे. सावकाश फिरणारी, मोठ्या दंतचक्रांच्या पेटीतून जोर काढणारी मोटार हवी आहे. बाजारात 'जॉन्सन' या नावाने ओळखली जाणारी, बारा व्होल्टवर मिनिटास शे-दोनशे फेरे करणारी दंतपेटीयुक्त मोटार पाच-सातशेच्या आसपास मिळते आणि बांधणाऱ्याचे निम्मे काम करून टाकते. वेगाची हौस असणाऱ्याने मात्र घरी बांधण्याच्या भानगडीत पडू नये. ताशी पन्नास किलोमीटरने धावणाऱ्या वस्तूचे आस, बेअरिंगे आणि दाते घरगुती साधनांनी अचूक होणे नाही, आणि अशी वस्तू निखळून कोणाच्या नडगीवर बसली म्हणजे हौसेचा पंचनामा होतो.

बॉडीचे काम मात्र आपल्या हातचे आहे, आणि ते किती अल्प साधनांत साधते हे जवळून पाहण्याजोगे आहे. विहिरीवरच्या जुन्या चार इंची पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा घेऊन तो करवतीने उभा चिरावा. मंद आचेवर, हात सतत फिरता ठेवून, तो तापवीत जावे. ऐंशी अंशांच्या आसपास तो कणकेप्रमाणे लवू लागतो, आणि त्याच क्षणी दोन गुळगुळीत फरश्यांमध्ये दाबून वर वजन ठेवले, की गार होईतो फूटभराहून किंचित रुंद अशी सपाट पाटी तयार होते. आच फाजील झाली की पिवळसर डाग पडतो आणि नाकास झोंबणारा धूर निघतो. तो धूर आम्लाचा असल्याने हे काम अंगणात करावे, स्वयंपाकघरात नव्हे. या पाटीवर पट्टीने रेघ मारून सुरीने खोल ओरखडा काढला की ती त्या रेघेवर मोडते. जोडाच्या खाचेत खाण्याच्या सोड्याची चिमूट भुरभुरून वर फेविक्विकचा थेंब सोडला, तर ती भुकटी डोळ्यांदेखत दगडासारखी होते, आणि कानशीने घासून तिला वाटेल तो बाक देता येतो. केबिनच्या कपाळाचा बाक, चाकावरच्या मडगार्डाची कमान, फाळक्याच्या बिजागऱ्या ही सगळी या तीन-चार वस्तूंची किमया. हौद्यास मात्र सनबोर्ड वापरू नये असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. तो कापावयास सोपा म्हणून लोक त्याकडे धावतात, पण माल भरू लागताच त्याचा कणा खचतो. आइस्क्रीमच्या काड्या अथवा पातळ प्लायवूड हे त्याहून कितीतरी इमानी.

या प्रकारच्या कामास आपल्याकडे वंशपरंपराही आहे. जुन्या चपलेच्या रबराची चाके आणि ज्वारीच्या धांड्याची गाडी ही मराठवाड्यातील कोणत्याही पिढीस अपरिचित नाही. पोळ्याचे मातीचे बैल तर सांगावयासच नकोत. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणारी खेळणी अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून ज्या निष्ठेने घडविली, तिचा गौरव सरकारने २०१८ साली पद्मश्रीने केला. अटल नवोन्मेष अभियानाने २०१६ पासून शाळांना प्रयोगशाळांसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान देण्यास आरंभ केला, तोही याच जातीच्या शिक्षणाचा सरकारी अवतार होय. ज्या शाळेस अशी प्रयोगशाळा लाभली असेल तिथल्या मुलाने ट्रक विकत घेण्याचा विचार वर्षभर बाजूस ठेवावा. तिथले आर्डुइनो नावाचे छोटे नियंत्रक-फलक कपाटात धूळ खात असण्याचा संभवच अधिक.

आर्डुइनोचे नाव निघाले म्हणून विजेच्या अंगाकडे वळतो. आणि घरी बांधणाऱ्याचे नव्वद टक्के हसे होते ते येथेच, हेही सांगून टाकतो. छोट्या खर्चात रेडिओ करावा या हेतूने दोन आर्डुइनो व दोन 'एनआरएफ-२४' नावाची संदेशयंत्रे घेऊन हजाराच्या आत काम भागविण्याची रीत प्रचलित आहे. रीत वाईट नाही. पण ते यंत्र सव्वातीन व्होल्टांच्या आसपासच्या विजेवर चालते, त्याला पाच व्होल्ट दिले की ते कायमचे मुके होते, आणि त्याच्या वीजपुरवठ्यावर दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बसविला नाही तर गाडी मध्येच हुकूम ऐकेनाशी होते. त्याहून मोठा सापळा 'एल-२९८' या लाल पट्टीचा. प्रत्येक चित्रफितीत हीच पट्टी दिसते म्हणून मुले तीच आणतात. परंतु तिच्या अंगातच दोनएक व्होल्ट गडप होतात, ती दोन अँपियरच्या वर मोटारीस देऊ शकत नाही, आणि मग साडेसात व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारा ट्रक चढ दिसताच ठाण मांडतो व पट्टीवरचा काळा उष्णताशोषक बोट लावू देत नाही इतका तापतो. त्यापेक्षा मोटारीच्या खेळासाठीच केलेला साधा ब्रश-वेगनियंत्रक घ्यावा. त्यावर '३२० अँपियर' असे लिहिलेले असते, त्याकडे मात्र लग्नपत्रिकेवरील पदव्यांइतकेच लक्ष द्यावे. ज्या बारीक तारा त्यास जोडल्या आहेत त्या तेवढ्या प्रवाहापुढे टिकणार नाहीत. काम मात्र तो चोख करतो.

रेडिओ तयार घ्यावा की घरी करावा, याविषयी आमचा निर्णय तयाराच्या बाजूने आहे. पूर्वी सत्तावीस मेगाहर्ट्झच्या स्फटिकांचा जमाना होता, तेव्हा एकाच गल्लीत दोन पोरे समान स्फटिक घेऊन उभी राहिली की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी गटारात जाई. २.४ गिगाहर्ट्झच्या आजच्या पद्धतीत रिमोट आणि ग्राहक-यंत्र यांची एकदा गाठ बांधली, की मधे दुसऱ्याचा आवाज घुसत नाही; आणि ही लहरपट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी केंद्र सरकारने २००५ च्या नियमान्वये परवान्यातून मुक्त केली असल्याने परवान्याची कटकटही राहिलेली नाही. सहा मार्गांचा साधा चिनी रिमोट साडेचार-पाच हजारांत मिळतो. वेग आणि वळण यांना दोन मार्ग लागले, तर उरलेल्या चारांवर दिवे, भोंगा, उचलणारा हौदा आणि मागली कडी चालविता येते. आज ट्रकात बसलेले हे यंत्र उद्या ट्रॅक्टरमध्ये, परवा होडीत बसते. गाडी मोडली तरी रिमोट मोडत नाही, म्हणून तो खर्च गाडीच्या नावे न टाकता कायम भांडवलात जमा धरावा.

तेव्हा हिशेब कसा पडतो? रिमोट वगळता मोटार, सर्व्हो, वेगनियंत्रक, बॅटरी व चार्जर, बेअरिंगे, स्क्रू आणि रंग मिळून घरच्या ट्रकास तीन-चार हजार लागतात, आणि हातून जळणाऱ्या वस्तूंसाठी आणखी हजार बाजूस ठेवावे लागतात. रिमोटासह आठ-दहा हजारांचा मामला. डब्ल्यूपीएलची तयार गाडी त्याच्या निम्म्यात दारी येते. म्हणजे घरी बांधल्याने पैसे वाचतात हा सर्वत्र ऐकू येणारा युक्तिवाद चुकीचा आहे, निदान पहिल्या गाडीपुरता तरी. तो खरा ठरतो वरच्या वर्गात. ट्रॅक्सासची गाडी अमेरिकेतच चार-पाचशे डॉलरांच्या घरात. तीवर खेळण्यांवरील आयातशुल्क, जे २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ आणि २०२३ साली सत्तर टक्क्यांवर नेण्यात आले, ते चढले की दिंद्रुडला पोहोचेतो तिची किंमत जुन्या मोटरसायकलीशी स्पर्धा करू लागते. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांस आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. पोरासाठी तयार गाडी घेणाऱ्या बापाने खोक्यावर ते चिन्ह आहे की नाही हे पाहूनच पैसे मोजावेत. घरी बांधलेल्या गाडीवर चिन्ह नसते, आणि म्हणून तिच्या बॅटरीची जोखीम बांधणाऱ्याच्या शिरी असते.

पण या सगळ्या जमाखर्चाहून वजनदार बाब दुरुस्तीची, आणि प्रश्नाचा फैसला आमच्या मते तिच्यावर व्हावा. शहरात, जिथून पुण्याची तपकीर गल्ली अथवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड तासाभराच्या अंतरावर आहे, तिथे कोणती गाडी घेतली यास फारसे महत्त्व नाही. दिंद्रुडच्या माणसास मात्र जळालेली पट्टी टपालाने मागवावी लागते, ती यावयास आठवडा लागतो, आणि आलेली पट्टी दुसऱ्याच जातीची निघाली तर आणखी पंधरवडा. उलट या भागातील मोठ्या गावांत काय मुबलक आहे ते पाहा. विहिरीवरच्या मोटारी वर्षास एकदा तरी जळत असल्याने मोटार भरणारा कारागीर असतो; ट्रॉल्यांचे हूक आणि आस तुटत असल्याने वेल्डिंगवाला असतो; मोबाइल उघडून बारीक डाग देणारा पोरगा असतो; सुतार असतो. 'दादा, तार जळू द्या, पाटा तुटू द्या, त्येचं करू आपण काही बी. पण ही पट्टी गेली तर मला नका इचारू,' हे अशा एखाद्या दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य या विषयावरच्या कित्येक पुस्तकांहून नेमके आहे. जे लोखंडाचे, लाकडाचे, तारेचे आहे ते येथे घडते आणि येथेच दुरुस्त होते; जे पट्टीवर छापलेले आहे ते बाहेरून येते. म्हणून विजेची अंगे तयार, सुटी आणि जगभर चालणाऱ्या तीन तारांच्या मापाची घ्यावीत, व बाकी सर्व, म्हणजे चेसिसच्या पट्ट्यांपासून फाळक्यापर्यंत, गावात घडवावे.

ही तडजोड नवी नाही. खऱ्या ट्रकाची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या हीच होती: कंपनीकडून इंजिन, चेसिस आणि पुढचे तोंड तेवढे घ्यावयाचे, ड्रायव्हराने उघड्या चेसिसवर फळी टाकून, डोळ्यांस चष्मा व डोक्यास फडके बांधून ती गावाकडे आणावयाची, आणि बॉडीवाल्याच्या वाड्यात महिनाभर उभी करून केबिन व हौदा आपल्या मालाच्या बेताने बांधून घ्यावयाचा. कापसाच्या गाडीचा हौदा निराळा, उसाच्या गाडीचा निराळा. आता केबिन कंपनीचीच येऊ लागली आहे, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालगाड्यांस तर वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, आणि ड्रायव्हरांच्या दृष्टीने ते इष्टच आहे. मे महिन्यात बीड जिल्ह्यातून दुपारी गाडी काढलेल्या कोणासही त्याचे वेगळे प्रमाण नको. बॉडीवाल्याचे कसब मात्र त्यामुळे हौद्यापुरते संकोचले.

अपवाद सांगितले पाहिजेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलास घरी बांधलेली गाडी देऊ नये. त्यास खेळावयाचे असते, तापलेला डाग आणि लिथियमची बॅटरी यांच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही. त्याच्यासाठी साधी, आयएसआय चिन्हाची तयार गाडी योग्य. ज्यास केवळ चालविण्याचा छंद आहे, बांधण्याचा नाही, त्याने हौशी जातीची तयार गाडी घ्यावी व सुटे दाते आणि एक जादा सर्व्हो पहिल्याच मागणीत मागवून ठेवावी. आणि ज्यास बांधावयाचे आहे पण कधीच काही बांधलेले नाही, त्याने ट्रकाऐवजी आधी ट्रॉली बांधावी. तिला मोटार नाही, वळण नाही. चार पट्ट्या, एक आस, दोन चाके आणि हूक. ट्रॉली सरळ धावली की माप घेण्याचा हात बसला असे समजावे. पुढे ट्रॅक्टर केला आणि त्याला आपल्याकडील पद्धतीने दोन ट्रॉल्या जोडल्या, तर त्या जोडीस मागे घेणे हे रिमोटच्या सगळ्या विद्येतील अवघड कर्म आहे. पहिली ट्रॉली डावीकडे न्यावी तर दुसरी उजवीकडे फाकते, आणि कारखान्याच्या वाड्यात ही करामत डाव्या हाताने करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांविषयीचा आदर एका दुपारीत दसपट वाढतो.

बॅटरीविषयी दोन गोष्टी बजावून सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लिथियम-पॉलिमरच्या एका कोषाचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, आणि तो तीन व्होल्टांच्या खाली उतरला तर कोष बिघडतो. म्हणून दोन कोषांची बॅटरी प्रत्येक कोष वेगळा मोजणाऱ्या चार्जरवरच लावावी, रात्री लावून झोपू नये, आणि फुगलेली बॅटरी अखेरचा डाव म्हणून वापरू नये. ज्या घरी उन्हाळ्यात पत्रा तापतो, त्या घरी ती पत्र्याखालच्या फडताळात न ठेवता माठाजवळच्या गारव्यास ठेवावी. सुरुवात करणाऱ्याने निकेल जातीच्या सहा कोषांची ७.२ व्होल्टांची जुनी बॅटरी घेतली तरी ट्रकाच्या चालीस ती पुरते. वजन अधिक, पण ट्रकास वजनाचे वावडे नसते. काळ्या मातीचे तेवढे सांभाळावे. पावसाळ्यात ती चाकांस आणि आसांच्या फटींस अशी चिकटते, की दाते फिरावयाचे थांबतात, मोटार जोर लावीत राहते आणि जळते. तेव्हा जून ते सप्टेंबर गाडी अंगणातल्या फरशीवर चालवावी, शिवारात नव्हे.

राहता राहिला तो माल, आणि उसाच्या ट्रकात मालाला महत्त्व आहे. दोन आसांच्या खऱ्या ट्रकाची भरल्या वजनाची मर्यादा २०१८ साली १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. प्रमाण एकास चौदा धरले तर लांबी चौदाने कमी होते, वजन मात्र चौदाच्या घनाने, म्हणजे २,७४४ ने भागावे लागते. उत्तर येते सुमारे पावणेसात किलो. पीव्हीसीची बॉडी, लोखंडी पट्ट्यांची चेसिस आणि बॅटरी मिळून रिकामी गाडी अडीच-तीन किलोंच्या आत बसली, तर पावणेचार-सव्वाचार किलोंचा माल तिने ओढावयास हवा. अडीच मीटर लांबीचा व तीन सेंटिमीटर जाडीचा ऊस त्या प्रमाणात अठरा सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड होतो, म्हणजे नेमकी खराट्याची काडी. खराट्याच्या काड्या कापून, सुताने मोळ्या बांधून हौदा शीगेपर्यंत भरला तरी त्या वजनाने हलक्याच पडतात. बाकीचे वजन हौद्याच्या तळाशी वाळूच्या पिशव्यांनी भरून काढावे लागते. पिशव्या मागल्या आसाच्या किंचित पुढे ठेवाव्यात. मागे ठेवल्या तर चढावर पुढची चाके उचलली जातात आणि वळण हाती राहत नाही. फार पुढे ठेवल्या तर मागली चाके जागीच गरगरतात. जागा बरोबर साधली की नाही हे पाहण्यासाठी किराणा दुकानातला तागडी-काटा घेऊन पुढचा आस आणि मागला आस वेगवेगळा तोलावा. पुढे एक तृतीयांशाहून थोडे अधिक आणि मागे बाकीचे भरले, म्हणजे खऱ्या ट्रकाची विभागणी झाली.